सावकाराचं खातं

आमच्या घरात सावकार एकच होता आणि तो सकाळी अकराला उठायचा.

हे नाव ह्यांनी ठेवलेलं. पोरानं कॉलेज अर्ध्यावर सोडलं, दोन ठिकाणी नोकरीला लागला, दोन्हीकडून महिना भरायच्या आत परत आला आणि मग टीव्हीसमोर बसला तो बसलाच. टीव्हीला एक काळा डबा जोडलेला, हातात रिमोट आणि पडद्यावर अख्खं शहर. त्या शहरात त्याचा एक माणूस होता. दाढी कोरलेली, अंगात काळा शर्ट, चालताना खांदे उडवणारा. बाकीची पोरं म्हणे त्या खेळात मारामाऱ्या करतात, गाड्या पळवतात. आमच्या दिवट्यानं त्यातला शेअर बाजार शोधून काढला. त्या शहरात दुधाची कंपनी होती, टॅक्सीची होती, औषधांची होती, आणि सगळ्यांचे भाव त्या माणसाच्या मोबाईलवर खालीवर होत असायचे. कंपन्या खोट्या, पैसा खोटा, पण आमचा मुलगा त्यात कोट्यधीश. म्हणून सावकार. "उठा सावकार, बाजार उघडला," असं म्हणत हे त्याच्या अंगावरची चादर ओढायचे.

मला त्यानं एकदा सगळं समजावून सांगितलं होतं. मी कपडे आल्टर करते. पँट आखूड करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं, जे येईल ते. मशीन बाहेरच्याच खोलीत, टीव्हीच्या शेजारी, त्यामुळे माझा पाय मशीनवर आणि एक डोळा पडद्यावर असायचाच.

"आई, बघ. ही दुधाची कंपनी आज पडलीय. आता घ्यायची. मग ह्या माणसाला घरी नेऊन झोपवायचं. तो झोपून उठला की तिथले सहा तास गेलेले असतात. तेवढ्यात भाव वर."

"आणि नाही चढला तर?"

"परत झोपवायचं."

"झोपा काढून पैसे मिळतात असा धंदा तुला बरा सापडला."

तो खो खो हसला. हसला की थेट लहानपणीचा दिसायचा. "आणि घाई असेल ना, तर दुसऱ्या दुधवाल्याचे ट्रक फोडायचे. मग आपला भाव लगेच चढतो."

हे ऐकून ह्यांच्या कपाळाला आठी पडली. ट्रकवर आमचं पोट. हे वजनकाट्यावर बसतात, शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्याला. गाडी आधी रिकामी येते, तिचं वजन करायचं. मग माल भरून येते, पुन्हा वजन करायचं. दोन्हींतला फरक म्हणजे माल. आयुष्यभर एवढंच केलेल्या माणसाला जगात दुसरं काही दिसत नाही. लग्नात कुणी जेवून उठलं की हे मनात फरक काढत असणार, असं मी चेष्टेनं म्हणायचे. ड्रायव्हर लोक त्यांना काटेमामा म्हणतात. किलोभराचा घोळ त्यांच्या हातून कधी झाला नाही आणि कुणाला करू दिला नाही. अशा माणसाच्या पोटी खोट्या बाजारातला सावकार जन्माला आला.

ज्या संध्याकाळी भांडण झालं, तेव्हा उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. मुलगा त्या दिवशी जरा फुशारकीत होता. म्हणाला, "बाबा, चाळीस कोटी झाले."

"वा! मग त्यातून विजेचं बिल तेवढं भरून टाका सावकार."

"मला खरंच येतं हो हे. थोडे पैसे द्या. खऱ्या बाजारात लावून दाखवतो."

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि असते तरी दिले नसते. तुझ्या खोट्या पैशावर खरं जेवण मिळतंय ना दोन वेळ? तेवढ्यावर खूश राहा."

तो ताटावरून उठला नाही. सगळं संपवलं, ताट घासून ठेवलं. मला वाटलं, मिटलं. सकाळी मला जाग आली तेव्हा त्याची चादर घडी घालून ठेवलेली होती. जन्मात कधी घडी घातली नव्हती कार्ट्यानं. दोन पँटी आणि पिशवी नव्हती. फोन बंद. डबा मात्र टीव्हीखाली तसाच.

चौकीवर तक्रार दिली. हवालदार म्हणाला, "तरणाताठा पोरगा आहे, पोटात कावळे ओरडले की येईल." कावळे ओरडून ओरडून थकले असतील. तो आला नाही.

मधे मोबाईल दुरुस्त करणारी एक पोरगी तिची पँट घेऊन आली. समोरच्या गल्लीत तिचं दुकान. डब्याकडे बघून म्हणाली, "काकू, हा अजून जोडलेला?" मी म्हटलं, राहू दे, त्याचाच आहे. तेव्हा तिनं सांगितलं की डबा म्हणजे नुसतं दार. त्याचं खातं, तो माणूस, ते पैसे, सगळं वर कुठेतरी साठवलेलं असतं. जगात कुठेही दुसऱ्या डब्यावर त्यानं आपलं नाव आणि पासवर्ड घातला की हेच शहर, हाच माणूस त्याच्यासमोर उभा राहणार. ती सहज बोलून गेली. हे आतल्या खोलीत बनियन घालत होते. तसेच अर्धवट बनियनमध्ये बाहेर आले.

"म्हणजे तो कुठूनही हे खातं उघडू शकतो?"

"हो काका."

"आणि इथे आपण काही केलं तर त्याला तिकडे दिसेल?"

"दिसणारच की."

त्या संध्याकाळपासून आमच्या घरात दुसरा सावकार तयार झाला.

मला आधी वाटलं, आठवण आली की माणूस काहीतरी चाळा करतो. पण हे चाळा करणाऱ्यांतले नाहीत. रिमोट हातात उलटा धरण्यापासून सुरुवात. तो माणूस भिंतीला डोकं लावून जागच्या जागी चालत राहायचा. मग हळूहळू जमलं. दुधाची कंपनी पडली की घ्यायची, माणसाला झोपवायचं, उठवायचं, विकायची. ट्रक मात्र फोडायचे नाहीत. "तिथेसुद्धा?" मी विचारलं. "ट्रक तो ट्रक," म्हणाले. त्यामुळे कमाई सावकाराच्या मानानं मुंगीच्या पावलांची. पण रोज झोपण्याआधी सगळे शेअर विकून रोख करून ठेवायचे. शेअरमध्ये अडकलेला पैसा पोराच्या काय कामाचा, त्याला रोख लागेल, असं त्यांचं म्हणणं.

"अहो, तो खोटा पैसा आहे. तुम्हीच म्हणत होता ना?" एकदा माझा तोल गेलाच. "तिथले चाळीसचे साठ कोटी झाले म्हणून तो इथे येणार आहे का?"

ह्यांनी रिमोट मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "माझ्या हातून घेणार नाही तो. इथून घेईल."

मशीनमधली सुई मोडली होती, ती बदलत बसले.

आणि मग काट्याचा हिशोब सुरू झाला. डबा बंद करताना किती होते, उघडताना किती आहेत. सकाळी कामावर जाण्याआधी एकदा, संध्याकाळी आल्यावर चपलाही न काढता एकदा. रिकामी गाडी, भरलेली गाडी. मधल्या वेळात आकडा हलला, म्हणजे त्यानं कुठूनतरी खातं उघडलं, म्हणजे तो आहे. कुठेतरी बसलाय, हातात रिमोट धरण्याइतका बरा आहे, खोलीत वीज आहे. आकडा लिहून ठेवायची त्यांना गरजच नव्हती, तोंडपाठ. आणि रोज फरक शून्य. "काट्यावर शून्य दिसलं म्हणजे वर गाडी नाही," ते एकदा टीव्हीकडे बघतच म्हणाले. मला नाही, स्वतःलाच.

थंडी आली आणि गेली. शून्यच. ह्यांचं जेवण अर्ध्यावर आलं. गालफडं बसली. बोलणं एवढंच, की आज औषधवाले पडले, आज टॅक्सी चढली. मग एक दिवस काट्याचा मालक स्वतः घरी आला. एका गाडीचं रिकामं वजन ह्यांनी दुसऱ्याच गाडीच्या नावावर टाकलं होतं, आणि एवढा मोठा घोळ होऊनही त्यांच्या लक्षात आला नव्हता. मालक भला माणूस. म्हणाला, "वहिनी, मामांना थोडे दिवस घरी बसवा." ह्यांनी ते ऐकलं आणि हूं की चूं केलं नाही. ज्या माणसानं किलोभरासाठी ड्रायव्हरांशी हमरीतुमरी केली, तो गप्प बसला, तेव्हा मला भीती वाटली. पोरगा गेला होता. आता हेही बसल्या जागी निघाले होते.

नणंदबाई येऊन गेल्या. जाताना मला दारात धरून म्हणाल्या, "वहिनी, दादाला डॉक्टरला दाखवा. हा माणूस नुसता आकड्यावर जगतोय."

माझ्या डोक्यात ते वाक्य राहिलं. आकड्यावरच जगतोय ना? मग आकडा हलवू या.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे नणंदबाईंच्या आग्रहानं डॉक्टरकडे गेले, आणि मी कडी लावून रिमोट हातात घेतला. इतके महिने बघून मला सगळं येतं असं वाटत होतं. बघणं वेगळं, करणं वेगळं. तो माणूस पलंगावरून उठला आणि कपाटाला धडकला. त्याला कसाबसा रस्त्यावर आणला, समोर कपड्यांचं दुकान होतं, आणि रस्ता ओलांडताना एका टॅक्सीनं त्याला उडवला. धाडकन. माझ्या तोंडातून किंकाळी गेली. पडदा काळा झाला, मग तो माणूस दवाखान्याच्या पायरीवर धडधाकट उभा. तिथे मेलेलं माणूस बिल भरलं की उठतं. खात्यातून दवाखान्याचे पैसे आपोआप कापलेले. पुन्हा दुकान शोधलं. जॅकेट घेऊ म्हटलं, म्हणजे आकड्याबरोबर डोळ्यालाही दिसेल. घाईत भलतंच बटण दाबलं गेलं आणि पिवळं जॅकेट विकत घेतलं. पिवळं धमक. सावकारानं जन्मात पिवळं घातलं नसतं; लहानपणी पिवळा स्वेटर घातला म्हणून त्यानं अख्खी गल्ली डोक्यावर घेतली होती. पण तिथे माल परत घेत नाहीत. त्याला घरी आणून पलंगावर झोपवलं, डबा बंद केला. पाठ घामानं चिंब.

संध्याकाळी हे आले. औषधाची पिशवी टेबलावर टाकली, टीव्ही लावला. मी मशीनवर मान खाली घालून एकाच शिवणीवरून तीनदा टीप मारली.

"अगं," ह्यांचा आवाज फुटला. "अगं ए. इकडे ये."

"काय झालं?"

"तू डब्याला हात लावला नाहीस ना?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"आलाय. तो आलाय. फरक आहे." आणि ते जॅकेटकडे बोट दाखवून हसायला लागले, हसता हसता रडायला लागले, आणि मग मीही. माझं रडणं खोटं नव्हतं. ह्यांना हसताना बघून वर्ष होत आलं होतं. मग जरा वेळानं त्यांची नजर जॅकेटवर थांबली.

"पिवळं?" म्हणाले. पण बुडत्याला काडीचा आधार. त्यांनीच उत्तर शोधलं: "बाहेर राहिलं की माणूस बदलतो." आणि आणखी थोड्या वेळानं, "दवाखान्याचं बिलही कापलंय. बरा असेल ना तो?"

"खेळातलं आहे हो ते."

"हो, ते खरं." पण त्या रात्री ते दोनदा उठून पाणी प्यायले.

जेवण मात्र सुधारलं. आठवड्यात ते काट्यावर परत गेले. आणि मी अडकले. दगडाखाली हात घातला की काढता येत नाही. दर चार-पाच दिवसांनी, हे कामावर गेले की काहीतरी घ्यायचं. एकदा टोपी, एकदा बूट, एकदा न्हाव्याकडे जाऊन त्या माणसाचे केस बारीक केले. प्रत्येक वेळी ह्यांच्या चेहऱ्यावर उजेड यायचा आणि मी मान वळवून दोरा ओवायला घ्यायचे. ताकास तूर लागू दिली नाही मी. पण एक सांगते, सगळ्यात वाईट काय होतं? कधीकधी दुपारी रिमोट उचलायच्या आधी मीसुद्धा आकडा बघायचे. ह्यांनी काल ठेवला होता तेवढाच आहे का, की माझ्या आधी कुणी येऊन गेलं. मला माहीत होतं चोर मीच आहे, तरी बघायचे. एकदाही हललेला नसायचा.

मग ह्यांच्या डोक्यात नवीन काहीतरी शिरलं. त्या शहरात पैसे भरले की गाडीची नंबर प्लेट हवी तशी करून मिळते. दिवसभर नंबर प्लेटी वाचणारा माणूस तो. त्याला हे दिसल्याशिवाय कसं राहील? एक गाडी घेतली, सावकाराच्या घरासमोर लावली, आणि प्लेटवर इंग्रजी अक्षरांत आपले शब्द लिहिले: घरी ये. आठ जागा होत्या. मधली मोकळी धरून बरोबर आठ भरल्या, याचाच त्यांना केवढा आनंद.

"वाचेल," म्हणाले. "जॅकेट घालून बाहेर पडला की समोरच आहे. उत्तरही देईल. प्लेट बदलता येते."

आता आली का पंचाईत. जॅकेट घेणं वेगळं. त्या दुपारी मी गाडीजवळ जाऊन उभी राहिले, म्हणजे तो माणूस राहिला, आणि प्लेट बदलायचा पडदा उघडला. आठ रिकाम्या जागा. 'येतो' लिहू? मग हे रोज संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसतील. 'येत नाही' लिहू? माझ्या पोराच्या तोंडून मी ते कसं लिहू? त्याच्या नावानं खर्च करता येत होता मला, त्याच्या नावानं बोलता येईना. पडदा बंद केला. त्या दिवशी काहीच घेतलं नाही.

पुढच्या दिवशीही नाही. हे वाट बघू लागले. मला म्हणायचे, "विचार करत असेल. रागीट आहे, तुझ्यावर गेलाय." आणि उन्हाळा पुन्हा तापला, त्याला जाऊन वर्ष भरलं, आणि प्लेट तशीच.

फोन आला तो दुपारी, आणि तो लांबच्या एका गावाच्या पोलीस चौकीतून. नीट काही सांगितलं नाही, या म्हणाले, कपडे ओळखायचे आहेत. हे बसमध्ये पूर्ण रस्ता एकच सांगत होते: "चूक असेल त्यांची. परवापरवा तर तो केस कापून आला." मी खिडकीबाहेर बघत होते. मला एकदाही वळून त्यांच्याकडे बघता आलं नाही.

चौकीतला हवालदार वयस्कर होता, सावकाश बोलणारा. टेबलावर एक गाठोडं होतं. म्हणाला, गोदामात माल उतरवायच्या कामावर होता. तिथेच झोपायचा. ताप अंगावर काढला, सोबतच्यांनी सरकारी दवाखान्यात नेला, पण उशीर झाला होता. घरच्या माणसांचा पत्ता लागेना. वाट बघून शेवटी सरकारी खर्चानं सगळं उरकलं. आता गोदामातली अडगळ काढताना पिशवी सापडली, तिच्या तळाशी कॉलेजचं ओळखपत्र होतं.

"नाव विचारलं तेव्हा सावकार एवढंच सांगितलं म्हणे त्यानं," हवालदार म्हणाला. "तिथे सगळे त्याला सावकारच म्हणायचे. आम्ही सावकार आडनावाची माणसं शोधत बसलो."

ह्यांनी टेबलाची कड धरली.

मी गाठोडं सोडलं. तपकिरी पँट वर होती. पँटी सगळ्यांच्या सारख्याच असतात, म्हणून मी पाय उलटा करून बघितला. आतून निळ्या दोऱ्याची टीप. तपकिरी रीळ संपलं होतं त्या दिवशी, मी म्हटलं उद्या आणते, तर तो म्हणाला होता, "घाल गं निळा, आतून कोण बघतंय?" मी बघत होते. माझीच टीप, माझ्याच मशीनची, कोपऱ्यावर दोनदा मारलेली. मी ती पँट तोंडाला लावली आणि मग मला माझं भान राहिलं नाही.

भान आलं ते ह्यांच्या आवाजानं. अगदी काट्यावर विचारतात तसा साधा आवाज.

"कधी गेला?"

"थंडी नुकती सुरू झाली होती तेव्हा."

"म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाला? नक्की?"

"नक्की. दवाखान्यात लिहिलेलं आहे, दाखवतो."

"नको," हे म्हणाले. आणि त्यांनी गाठोड्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. पँट हातात घेऊन मी तिथेच बसले होते, आणि मला तेव्हा कळलं की त्यांनी फरक काढला. पोरगा थंडीत गेला. जॅकेट थंडी सरल्यावर आलं.

परतीच्या बसमध्ये गाठोडं माझ्या मांडीवर. बराच रस्ता गेल्यावर ते म्हणाले, "जॅकेट?"

"मी."

"टोपी? केस?"

"मीच."

"आणि दवाखान्याचं बिल?"

"टॅक्सीखाली आला माझ्याकडून. मला रस्ता ओलांडता येत नव्हता."

त्यांच्या घशातून काहीतरी आवाज आला. हसण्याचा की कसला, मला आजही सांगता येणार नाही. "सावकार कधी टॅक्सीखाली आला नसता," म्हणाले. "मला तेव्हाच कळायला हवं होतं."

माणसं आली, बसली, गेली. नणंदबाई राहिल्या आणि गेल्या. टीव्हीवर कुणीतरी टॉवेल टाकला होता, तो तसाच राहिला. हे माझ्याशी बोलत होते ते कामापुरतं: चहा दे, किल्ली कुठाय. मला वाटायचं, ओरडा एकदा. फसवलंस म्हणा, मेलेल्या पोराच्या नावानं मला नाचवलंस म्हणा. त्यांच्या जागी मी ओरडले असते. मी ताटं आपटली असती. ते ओरडले नाहीत. काट्यावर जायला लागले आणि परत येऊन भिंतीकडे तोंड करून पडायला लागले. मीही मशीनवर बसून समोरचा कपडा काय आहे ते न बघता शिवत राहिले. दोन माणसांच्या घरात आम्ही दोघं नव्हतोच.

मग एका सकाळी चहा घेऊन बाहेर आले, तर टॉवेल खाली पडलेला आणि टीव्ही चालू. तो माणूस पलंगावर उठून बसलेला, अंगात अजून ते पिवळं जॅकेट. हे कामाच्या कपड्यांत, रिमोट मांडीवर.

"शून्य," म्हणाले.

आणि माझा बांध फुटला. "मग काय येणार? शून्यच येणार! नाहीये तो! कुठून येऊन घेणार आहे काही? किती दिवस ते खोटं शहर लावून बसणार आहात? माझा पोरगा गेला, कळतंय का तुम्हाला? माझ्या हातची पँट घालून गेला!" कप माझ्या हातातून कधी पडला ते कळलंच नाही. चहा त्यांच्या पायाशी सांडला होता आणि हे तसेच बसून होते.

मग उठले. फडकं आणून स्वतः फरशी पुसली, काचा वेचल्या. चपला घातल्या, जेवणाच्या डब्याची पिशवी घेतली, आणि दारात थांबले. माझ्याकडे पाठ करूनच बोलले.

"मला माहीत आहे तो नाही. पण रोज सकाळ-संध्याकाळ शून्य बघवत नाही गं मला." मग पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मी संध्याकाळी यायच्या आत काहीतरी घे. काहीही घे. फक्त पिवळं नको. त्याला पिवळं आवडत नव्हतं."

ते गेले. त्यांच्या पावलांचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत मी तिथेच उभी होते. दुपारी एका गिऱ्हाइकाची पँट आखूड करून झाली, दोरा तोडला, आणि मग जाऊन रिमोट उचलला. त्या माणसाला पलंगावरून उठवला, दाराबाहेर काढला. समोर ती गाडी उभी होती, घरी ये लिहिलेली. तिच्या बाजूनं त्याला पुढे नेला. पलीकडे दुकान होतं.

रस्त्याच्या कडेला आणून मी त्याला थांबवला. आधी एका बाजूला बघितलं, मग दुसऱ्या. एक टॅक्सी येत होती. तिला जाऊ दिलं.